राखण कोणाची, कोणापासून? डहाणू-तलासरीच्या रानातील कामाची जागा आणि गुन्ह्याचा इतिहास

१/ भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यातील कलम ३७९ ने चोरीसाठी तीन वर्षांपर्यंतची कैद ठरवली. कलम ३७४ ने एखाद्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवून घेणाऱ्यासाठी एक वर्षापर्यंतची कैद ठरवली. डहाणू-तलासरीच्या रानात लाकूड चोरीला जाऊ नये म्हणून राखणदार नेमलेले होते. माणूस वेठीला धरला जाऊ नये म्हणून मात्र कोणीच नव्हते. ही व्यवस्था १९४५ साली कोणी आणि कशी मोडली, याचा हा धागा.

२/ आधी भूगोल. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४५ साली डहाणू हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता आणि तलासरीचा परिसर शेजारच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. म्हणूनच या लढ्याच्या जुन्या वर्णनांत ‘डहाणू आणि उंबरगाव’ अशी जोडी वारंवार भेटते.

३/ या प्रदेशाची पश्चिम बाजू समुद्राची, पूर्वेची डोंगराची. मधून मुंबईकडे जाणारा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा लोहमार्ग. डोंगराकडच्या पाड्यांवर वारली, कोकणा, दुबळा, कातकरी हे आदिवासी समाज राहत. रानातील लाकूड, कोळसा आणि गवत यांना मुंबई ही हुकमी बाजारपेठ होती. शहरातील तबेल्यांना गवत हवे होते, घरबांधणीला लाकूड हवे होते. माल रेल्वेने जात असे आणि पैसा परत येत असे. तो पैसा पाड्यापर्यंत मात्र पोहोचत नसे.

४/ एकोणिसाव्या शतकात सारा रोख पैशांत भरावा लागू लागला आणि सावकाराचे दार जवळ आले. कर्जापोटी जमिनी गेल्या. पूर्वीचा कसणारा मालक त्याच जमिनीवर कूळ झाला. वर्षाचे चक्र ठरून गेले. पावसाळ्यात जमीनदाराच्या भाताची आवणी, ऑक्टोबरपासून गवतकापणी, हिवाळ्यात ठेकेदाराच्या कुपात झाडतोड. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की खावटी, आणि खावटीच्या फेडीसाठी पुन्हा काम.

५/ आता राखणीकडे पाहू. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात परवानगीविना लाकूड तोडणे हा गुन्हा ठरवला. त्यासाठी रखवालदार, गार्ड, नाकी आणि परवाने यांची साखळी उभी राहिली. वनगुन्हा पैसे घेऊन तडजोडीने मिटवण्याचा अधिकारही कायद्याने वन अधिकाऱ्यांना दिला. म्हणजे सरपणाची मोळी उचलणाऱ्या माणसाकडे पाहणारे डोळे होते, त्याला अडवणारे हात होते आणि दंड घेणारे कार्यालय होते. गुन्हा रोखण्याची एक संपूर्ण यंत्रणा त्याच रानात कार्यरत होती.

६/ त्याच रानात त्याच माणसाकडून फुकट काम करून घेतले जाई, तेव्हा काय घडे? मुंबई सरकारने १९३७ साली डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या पाहणीसाठी नेमले. त्याच्या अहवालात वेठीचे स्पष्ट वर्णन आहे. जमीनदाराच्या बोलावण्यावर कुळाला हातातले काम टाकून जावे लागे. मोबदला फार तर दिवसाला एक आणा, किंवा एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरेल इतका तांदूळ. नकार दिला किंवा वेळ लावला, तर मारहाण.

७/ हे कोणा क्रांतिकारकाचे पत्रक नव्हते. ब्रिटिश राजवटीच्या अधिकाऱ्याने आपल्याच सरकारला सादर केलेला कागद होता. कलम ३७४ मध्ये सांगितलेला गुन्हा जिल्ह्यात सर्रास घडतो आहे, हे सरकारला लेखी कळले होते. तरीही वेठ चालूच राहिली. गुन्ह्याची माहिती असणे आणि गुन्हा रोखला जाणे यांत किती अंतर असू शकते, ते या अहवालानंतरच्या काही वर्षांनी दाखवून दिले.

८/ वेठीहून कठोर प्रकार म्हणजे ‘लग्नगडी’. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि त्याच्या फेडीसाठी त्याच्या घरी गडी म्हणून राहायचे. कर्ज घेणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोलाही राबावे लागे. हिशेबाची वही जमीनदाराची, अक्षर जमीनदाराचे. वाचता न येणाऱ्या माणसाला आपले कर्ज किती फिटले हे कधी कळतच नसे. काहींचे सारे आयुष्य त्या एका लग्नाच्या खर्चात गेले.

९/ लग्नगड्यासाठी कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच होती. ती मालकाच्या आवाराच्या आत होती. बाहेरचा साक्षीदार नाही, कामाचे तास नाहीत, सुटी नाही. स्त्रियांसाठी याचा अर्थ आणखी भयंकर होता. जमीनदार आपल्या कुळांच्या स्त्रियांवर अत्याचार करीत, याचाही उल्लेख सिमिंग्टनच्या अहवालात आहे. आज ‘कामाच्या ठिकाणची सुरक्षितता’ या शब्दांत जे जे येते, ते सर्व तेथे अनुपस्थित होते.

१०/ मग कोणी फिर्याद का देत नसे? फिर्यादीचा रस्ता पाहिला की उत्तर सापडते. पोलीस ठाणे दूर. दिवसभराची पायपीट म्हणजे एका दिवसाच्या पोटाचा प्रश्न. साक्षीदार सारे त्याच जमीनदाराची कुळे. साक्ष दिली तर जमीन जाणार. निकाल लागेपर्यंत खावटी देणारा तोच, काम देणारा तोच. कायद्याने दार उघडे ठेवले होते, पण त्या दाराकडे जाणारी वाट आरोपीच्या अंगणातून जात होती.

११/ जानेवारी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तिच्या संघटनेचा भार शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्यावर होता. उंबरगाव तालुक्यातून गेलेल्या मोजक्या वारल्यांमध्ये माह्या धांगडा हे एक होते. वेठबिगारीच्या कहाण्या तेथे प्रथमच एका मोठ्या सभेपुढे उघडपणे बोलल्या गेल्या. गावी परतलेल्या माणसांनी परुळेकरांना आपल्या भागात बोलावले.

१२/ गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. दंड संहितेतील कलमे त्यांना माहीत होती आणि त्या कलमांचे रानात काय होते, हेही त्यांनी पाड्यांवर फिरून पाहिले. हा अनुभव त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७० साली प्रकाशित झालेल्या त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१३/ २३ मे १९४५. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी आदिवासींची परिषद झाली. हजारो वारली आले. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय काम करायचे नाही. लग्नगडी ठेवू द्यायचा नाही.

१४/ या ठरावांकडे केवळ मागण्यांची यादी म्हणून पाहिले, तर त्यांतील मुख्य गोष्ट निसटते. ‘बारा आणे रोख’ हा आकडा होता. तो सर्वांना ठाऊक होता आणि सर्वांसाठी एकच होता. रोख मजुरी हातात पडते किंवा पडत नाही. तेथे वहीतल्या हिशेबाला जागा उरत नाही. एकट्याचा नकार मारून मोडता येतो. सर्व गावांचा एकाच दिवशी आलेला नकार मारून मोडता येत नाही, कारण शेत आवणीला आलेले असते आणि दुसरे हात नसतात.

१५/ मृगाच्या आधी घेतलेल्या ठरावाची परीक्षा पावसाबरोबरच झाली. जमीनदारांची बोलावणी आली आणि माणसे गेली नाहीत. संघटनेचे स्वयंसेवक गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना घराबाहेर पडण्यास सांगू लागले. अनेक पिढ्यांची प्रथा काही आठवड्यांत कोसळली. नवा कायदा झालेला नव्हता, नवे पोलीस ठाणे उघडले नव्हते. जो गुन्हा रोखणे सरकारला पंच्याऐंशी वर्षांत जमले नाही, तो ज्यांच्यावर घडत होता त्यांनीच थांबवला.

१६/ पावसाळा सरला आणि गवत तयार झाले. पुढची मागणी पाचशे पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो गवत कापण्याचे अडीच रुपये ही होती. गवताला मुहूर्त असतो. वेळेवर कापले, वाळवले आणि गाडीत चढवले तरच पैसा. उभे राहिले तर वाळून जाते किंवा वणव्यात जळते. मजुरांनी विळे खाली ठेवले. आता धोका जमीनदाराच्या मालमत्तेला होता, आणि मालमत्तेला धोका उत्पन्न होताच सरकारी यंत्रणा जागी झाली.

१७/ परुळेकर दांपत्याने पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार, ऑक्टोबरमध्ये गावोगाव एक निरोप फिरला. तलवाड्याला बाईंची सभा आहे, जमीनदारांचे गुंड बाईंवर हल्ला करणार आहेत, हत्यारे घेऊन या. हा निरोप संघटनेने पाठवलेला नव्हता. दुसरीकडे पोलिसांना वर्दी गेली की आदिवासी हत्यारे घेऊन जमले आहेत आणि दंगा होणार आहे. दोन्ही बातम्या जमीनदारांच्या बाजूने सुटल्या होत्या, असे परुळेकरांचे म्हणणे आहे.

१८/ १० ऑक्टोबर १९४५. हजारो माणसे तलवाड्याला जमली. गोदावरीबाई तेथे नव्हत्या. पोलीस आले आणि त्यांनी गोळीबार केला. जमाव हलेना, कारण बाईंच्या जिवाला धोका आहे, आपण गेलो तर त्यांचे रक्षण कोण करणार, असे माणसांना वाटत होते. गोळीबार थांबून थांबून पुन्हा होत राहिला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी मारले गेले, अनेक जखमी झाले.

१९/ त्या दिवशी एकाच मैदानावर दोन ‘सुरक्षा’ समोरासमोर उभ्या होत्या. पोलीस संभाव्य गुन्ह्यापासून मालमत्तेचे रक्षण करण्यास आले होते. जमाव संभाव्य हल्ल्यापासून एका स्त्रीचे रक्षण करण्यास आला होता. दोघेही खोट्या बातमीवर आलेले. फरक इतकाच की बंदुका एका बाजूकडे होत्या आणि बातमी पडताळून पाहण्याचे अधिकृत कर्तव्यही त्याच बाजूचे होते.

२०/ मालमत्तेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. आग लावणे, लूट, मारहाण हे गुन्हेच आहेत आणि वर्दी आल्यावर पोलिसांनी जायलाच हवे. प्रश्न वेगळा आहे. वेठीच्या हजारो घटनांची वर्दी सिमिंग्टनच्या अहवालाने दिली होती, तेव्हा शिपाई निघाला नाही. गवताच्या हंगामात आलेल्या एका वर्दीवर बंदुका निघाल्या. कोणाची वर्दी ऐकली जाते, यावरून सुरक्षा कोणासाठी आहे ते कळते.

२१/ जगाच्या इतिहासात याची सावली दुसरीकडेही दिसते. १८९२ साली अमेरिकेतील होमस्टेड येथे कार्नेगी स्टील कंपनीने संपाच्या काळात पिंकर्टन या खाजगी संस्थेचे सुमारे तीनशे रक्षक मागवले. ६ जुलै रोजी ते बोटींतून कारखान्याच्या काठाला लागले, आणि त्या दिवशीच्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली. कारखान्याचे रक्षण हेच तेथेही कारण सांगितले गेले. ज्या सुरक्षाव्यवस्थेत कामगार फक्त संशयित असतो, ती व्यवस्था संकटाच्या वेळी कामगारावरच रोखली जाते.

२२/ तलवाड्यानंतर सभाबंदी आली, परुळेकरांना जिल्हाबंदी झाली. तरी संघटना मोडली नाही. १९४६ च्या शरदात लढा शेतातून जंगलात गेला. कुपातील झाडतोडीसाठी दिवसाला किमान सवा रुपया मजुरीची मागणी झाली आणि कुऱ्हाडी थांबल्या. कूप ठरावीक मुदतीत तोडावे लागते; ठेकेदाराने सरकारला पैसे भरलेले असतात. नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांना सवा रुपयाचा दर मान्य करावा लागला.

२३/ तोपर्यंत मुंबई प्रांतात सरकार बदलले होते. एप्रिल १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खेर स्वतः आदिवासी सेवा मंडळाच्या कामाशी जोडलेले, तळमळीचे गृहस्थ होते. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तरीही लढ्याकडे पाहण्याची प्रशासनाची दृष्टी फारशी बदलली नाही. जिल्हाबंदीचे हुकूम पुन्हा निघाले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. माणसे बदलली, पण वर्दी ऐकणारा कान तोच राहिला.

२४/ कायद्याची वाटचाल मागून आली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा १९३० चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५४ साली स्वीकारला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धत रद्द झाली आणि त्या कर्जांची जबाबदारी संपुष्टात आली. झरीच्या माळावर लग्नगड्यांची मुक्तता ठरली, त्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.

२५/ १९७६ च्या कायद्यात एक महत्त्वाची सुधारणा होती. मुक्ततेची जबाबदारी केवळ फिर्यादीवर न सोडता जिल्हाधिकारी आणि दक्षता समित्यांवर टाकली गेली. म्हणजे गुन्हा घडल्याची वाट न पाहता तो शोधून काढायचा. वन कायद्याने लाकडासाठी जी दक्षता १८७८ साली दाखवली, ती माणसासाठी कागदावर येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

२६/ आज ‘कामाच्या ठिकाणची सुरक्षा’ म्हटले की फाटकावरचा रक्षक, ओळखपत्र, कॅमेरा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही आठवते. ही साधने उपयोगी आहेत. पण त्यांची रचना बहुधा बाहेरून येणाऱ्या चोराला आणि आतून बाहेर जाणाऱ्या मालाला डोळ्यांपुढे ठेवून झालेली असते. आवाराच्या आत, मालकाच्या किंवा मुकादमाच्या हातून घडणारा गुन्हा फाटकावरच्या वहीत उतरत नाही. लग्नगड्याच्या घराला कॅमेरा लावला असता, तरी त्याचे चित्रण मालकाच्याच ताब्यात राहिले असते.

२७/ अलीकडचे काही कायदे ही उणीव ओळखतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आस्थापनेत अंतर्गत समिती नेमण्यास सांगतो. तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवा. जेथे अशी समिती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आरोपीच्या अंगणातून न जाणारी वाट काढण्याचा हा प्रयत्न आहे. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही स्वतंत्र कायदा केला, कारण फाटकावर उभा असलेला माणूस हाही कामगारच असतो.

२८/ डहाणू-तलासरीचा प्रश्न तरीही पूर्ण सुटलेला नाही. दिवाळी झाली की या भागातून आजही अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, मासेमारीच्या बोटींवर आणि दूरच्या बांधकामांवर जातात. हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. उचल देणाऱ्याच्या हाती वही असते, तेथे १९४५ चा प्रश्न पुन्हा जिवंत होतो: ही वही दुसऱ्या कोणाला पाहता येते का?

२९/ या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. कोणत्याही कामाच्या जागेची सुरक्षा तपासताना फाटकावर किती रक्षक आहेत, हे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. मजुरीचा दर सर्वांना ठाऊक आहे का? मालकाविरुद्धची तक्रार मालकाला टाळून कोणाकडे नेता येते का? आणि तक्रार करणारा माणूस एकटा पडतो, की त्याच्या शेजारी कोणी उभे राहते? झरीच्या ठरावांनी या तिन्हींची सोय स्वतःच केली होती.

३०/ कलम ३७४ आता जुन्या संहितेबरोबर इतिहासजमा झाले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४६ मध्ये तोच गुन्हा आणि तीच एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. दर वर्षी १० ऑक्टोबरला तलासरी-डहाणूच्या परिसरात जेठ्या गांगड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे स्मरण केले जाते. ती माणसे तलवाड्याला लुटायला गेली नव्हती. आपल्यासाठी उभ्या राहिलेल्या एका बाईच्या राखणीला गेली होती. (समाप्त)